हॅमचं लायसन्स मिळालं, आता पुढे काय?

प्रश्न : मी चिपळूणला राहते. जुलै २०२१ च्या पुरात लाइट गेली, मोबाईल बंद पडले, पुण्यातल्या भावाला आम्ही सुखरूप आहोत एवढं कळवायलाही मार्ग नव्हता. म्हणून परीक्षा देऊन रिस्ट्रिक्टेड ग्रेडचं (सुरुवातीच्या पातळीचं) हॅम, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन्स काढलं, ५ वॉटची हँडी (हातात धरायचा छोटा वायरलेस सेट) घेतली. पण गावाबाहेरचं काहीच ऐकू येत नाही. पुन्हा तशी वेळ आली तर माझा काही उपयोग होईल का? आणि माझी मुलगी १३ वर्षांची आहे, तिला हे शिकता येईल का?
– एक वाचक

उत्तर : ताई, उपयोग नक्की होईल, फक्त एकट्या हँडीच्या भरवशावर राहू नका. हँडीचा २ मीटर बँड (बँड म्हणजे रेडिओलहरींचा पट्टा) साधारण सरळ रेषेत चालतो आणि तुमच्या चारी बाजूंनी डोंगर, त्यामुळे उंचावरचा रिपीटर (सिग्नल पकडून पुढे पाठवणारं यंत्र) सापडला तरच बाहेर बोलता येईल, आणि पुरात रिपीटरचीही वीज जाऊ शकते. गावातल्या गावात मात्र, म्हणजे शाळेतल्या छावणीतून नगरपरिषदेपर्यंत वगैरे, हँडी फार कामाची.

घाटापलीकडे जायला ४० मीटर बँड, त्याला हँडी चालत नाही, वेगळा मोठा सेट लागतो. अँटेना म्हणजे साध्या वायरचा डायपोल, दोन्ही बाजूंना १०-१० मीटर, आणि मुद्दाम खालीच बांधायचा, ४-५ मीटरवर. सिग्नल जवळजवळ सरळ वर जातो आणि आयनोस्फिअरवरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून) परत आजूबाजूच्या दोन-तीनशे किलोमीटरमधे पडतो, मधे सह्याद्री असला तरी फरक पडत नाही, म्हणजे दिवसा पुणे, कोल्हापूर, मुंबई मिळू शकतात. रात्री हाच बँड लांबचं ऐकवतो आणि जवळचं गायब होतं, तेव्हा ८० मीटर लागतो. बॅटरीचा हिशोब आधीच करा, १०० वॉटचा सेट फुल पॉवरला २० अँपिअरच्या आसपास ओढतो, त्यामुळे पॉवर कमी ठेवायची आणि बोलायचं थोडं.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते निरोप अचूक पोचवणं. खरखरीत एकोणसाठ आणि एकोणसत्तर सारखंच ऐकू येतं, म्हणून आकडे सुटे सांगायचे, पाच-नऊ, आणि समोरच्याकडून परत वाचून घ्यायचे. औषधाचं नाव फोनेटिक्समधे, म्हणजे एकेक अक्षर ठरलेल्या शब्दाने (ए म्हणजे अल्फा, बी म्हणजे ब्राव्हो). कोणाकडून, कोणाला, किती वाजता, हे कागदावर लिहिल्याशिवाय पीटीटी (बोलायचं बटण) दाबायचंच नाही. नेट म्हणजे ठरलेल्या वेळी एकाच फ्रिक्वेन्सीवर जमलेले हॅम; ते चालवणाऱ्या नेट कंट्रोलने थांबा म्हटलं की थांबायचं, आपला निरोप कितीही तातडीचा वाटला तरी आधी ‘ब्रेक’ देऊन विचारायचं.

डिसेंबर २००४ मधे हैदराबादच्या एनआयएआर या हौशी रेडिओच्या संस्थेच्या भारती प्रसाद आणि त्यांची टीम पोर्ट ब्लेअरला जगभरच्या हॅमशी बोलायला गेली होती, २६ तारखेला त्सुनामी आली आणि तोच सेट, तोच अँटेना निरोप पाठवायला लागला. हजारो स्टेशनांच्या गोंगाटातून एकेक कॉलसाइन (प्रत्येक हॅमचं ओळखचिन्ह) टिपायचा सराव त्यांना आधीच होता ना! तुम्हीही रोज एखाद्या नेटवर चेक-इन करत जा, कान तिथेच तयार होतो.

आणि पावसाळ्याआधी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाला भेटून नाव, कॉलसाइन, कोणता सेट आहे ते देऊन ठेवा. ऐनवेळी न सांगता गेलात तर त्यांचंच काम वाढतं.

मुलीचं म्हणाल तर १२ पूर्ण असलं की परीक्षा देता येते. लायसन्स येईपर्यंत तिला हेडफोन लावून तुमच्या शेजारी लॉग (कोणाशी, कधी बोललो याची नोंद) लिहायला बसवा, दोघींचा सराव होईल.