प्रश्न तुमचे : टिळक मंडालेला का?

प्रश्न : लोकमान्य टिळकांना १९०८ साली काळ्या पाण्याची शिक्षा झाली असे आम्ही शाळेत शिकलो. मग ते अंदमानात न जाता मंडालेला कसे गेले, आणि तुरुंगात त्यांना ‘गीतारहस्य’ लिहिता तरी कसे आले? – एक वाचक

उत्तर : शाळेत शिकलात ते चुकीचे नाही, फक्त अर्धे आहे. मुझफ्फरपूरच्या बॉम्बप्रकरणानंतर (१९०८ मध्ये बिहारमधील या गावी क्रांतिकारकांनी टाकलेला बॉम्ब) ‘केसरी’त आलेल्या लेखांवरून भरलेल्या राजद्रोहाच्या खटल्यात नऊ ज्यूरींपैकी सात जणांनी टिळकांना दोषी ठरवले आणि २२ जुलै १९०८ रोजी न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षे काळे पाणी व एक हजार रुपये दंड अशी शिक्षा सुनावली. (हेच दावर १८९७ च्या खटल्यात जामिनासाठी टिळकांचे वकील म्हणून उभे राहिले होते!) पुढे सरकारनेच या शिक्षेचे रूपांतर साध्या कैदेत केले, त्यामुळे अंदमान टळले. आधी काही आठवडे साबरमतीच्या तुरुंगात ठेवून मग त्यांना ब्रह्मदेशातील (आजच्या म्यानमारमधील) मंडालेला नेण्यात आले. ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता, म्हणजे कागदोपत्री हा देशाबाहेरचा तुरुंग नव्हे; मात्र घरच्या माणसांना तो जवळपास परदेशच होता. १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई पुण्यात वारल्या, ती बातमी टिळकांना मंडालेतच कळली.

लिहिण्याची परवानगी होती, पण ती पुष्कळ अटी घालून दिलेली होती. सुटे कागद मिळत नसत, तर पाने मोजून दिलेल्या बांधीव वह्या मिळत. शाई नव्हती, शिसपेन्सिलीवरच भागवावे लागे. सुमारे नऊशे छापील पानांच्या या ग्रंथाचा पहिला खर्डा त्यांनी १९१०-११ च्या हिवाळ्यात, जेमतेम पाच महिन्यांत, त्या पेन्सिलीनेच उतरवला. मधुमेह जडलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या कैद्याने तो लिहिला हे ध्यानात घेतले म्हणजे त्या वेगाचे नवल अधिकच वाटते. अर्थात गीतेचे चिंतन त्यापूर्वी कित्येक वर्षे चालू होते, त्यामुळे तुरुंगात झाले ते मुख्यतः मांडणीचे काम, असे आम्हांस वाटते.

जून १९१४ मध्ये टिळक सुटले, तेव्हा या वह्या त्यांच्यासोबत आल्या नाहीत. सरकारने त्या तपासणीसाठी ठेवून घेतल्या होत्या. काही काळाने त्या परत मिळाल्या आणि जून १९१५ मध्ये ग्रंथ पुण्यात प्रसिद्ध झाला.