पॉपलिनच्या नमुन्यावरचे आकडे आणि जीएसएम

प्रश्न : मी घरी शर्ट आणि कुर्ते शिवून विकते. इचलकरंजीच्या एका व्यापाऱ्याने सुती पॉपलिनच्या नमुन्यावर ‘40 × 40 / 132 × 72, पन्हा 58 इंच’ असे लिहून दिले. दुसऱ्याने तसेच दिसणारे कापड नुसते ‘120 जीएसएम’ म्हणून दाखवले. या दोहोंची तुलना कशी करावी?
– एक वाचक, सांगली

उत्तर : पहिल्या आकड्यांवरून कापडाची वीण कळते, दुसऱ्यावरून केवळ वजन. 40 हा उभ्या आणि आडव्या धाग्याचा काउंट आहे. 840 वारांची एक लड धरली, तर एक पौंडात जितक्या लडी भरतात तितका सुताचा काउंट. म्हणूनच आकडा वाढला की सूत बारीक होते. (पॉलिएस्टरचा डेनिअर नेमका उलटा चालतो, कारण तो 9,000 मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन असतो.) 132 आणि 72 हे एका इंचातले अनुक्रमे उभे आणि आडवे धागे.

यावरून जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरचे ग्रॅममधील वजन, घरबसल्या काढता येते. 132 आणि 72 यांना प्रत्येकी 40 ने भागून बेरीज केली की 5.1 येते आणि तिला 23.25 ने गुणले की सुमारे 119. विणीत धागा वरखाली वळत असल्याने प्रत्यक्ष वजन याहून थोडे अधिक भरते, म्हणजे तुमची दोन्ही कापडे वजनाला जवळपास सारखीच आहेत. मात्र जाड सूत विरळ विणूनही 120 जीएसएम गाठता येते आणि ते कापड शर्टाला खरबरीत लागते. त्यामुळे नुसत्या जीएसएमवर सौदा करू नये, दुसऱ्या व्यापाऱ्याकडून काउंट आणि वीणही लिहून घ्यावी, असे मी सुचवेन.

सांगितलेले वजन पडताळणेही अवघड नाही. कारखान्यात 100 चौरस सेंटिमीटरचा गोल तुकडा कापून त्याचे वजन शंभरपट करतात. तुम्ही पूर्ण पन्ह्याचा एक मीटर तुकडा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोलून 1.47 ने भागा, कारण 58 इंच म्हणजे तितके मीटर. कोणी ‘मीटरला 177 ग्रॅम’ म्हणाला, तर तो याच पन्ह्याच्या 120 जीएसएमबद्दलच बोलतो आहे. कोऱ्या कापडाला खळ असेल तर ती वजन वाढवते. तेव्हा तुकडा धुऊन, वाळवून, आटल्यावर त्याची लांबी-रुंदी पुन्हा मोजून मगच हिशेब करावा.