विद्यार्थी एकटा वर, इन्स्ट्रक्टर खाली

प्रश्न : माझी मुलगी विमान चालवायला शिकते आहे. लवकरच तिचं पहिलं सोलो उड्डाण होईल. ती एकटी वर आणि तिच्या मॅडम खाली. तरी याला ‘देखरेखीखालचं उड्डाण’ म्हणतात. काही बिघडलं तर खाली उभा माणूस करणार काय? – एक पालक

उत्तर : खरं सांगायचं तर विमानाने जमीन सोडली की फारसं काही नाही. मीही इन्स्ट्रक्टरच. माझ्या हातात छोटा रेडिओ असतो, नाहीतर मी टॉवरमध्ये कंट्रोलरच्या शेजारी असते आणि बहुतेक वेळ गप्प असते. विद्यार्थी शेवटच्या वळणावर असताना खालून ‘नाक सांभाळ, वेग बघ’ असा जप लावणारे इन्स्ट्रक्टर मला मुळीच पटत नाहीत. त्याने समोर बघायचं की आपलं ऐकायचं? माझ्याकडून गेलेच तर दोन शब्द जातात, ‘गो अराउंड’. उतरणं सोड, पूर्ण पॉवर दे, वर जा आणि पुन्हा फेरी मारून ये.

देखरेख होते ती आधी. अधिकृत इन्स्ट्रक्टरची देखरेख किंवा परवानगी असल्याशिवाय शिकाऊ वैमानिकाने एकट्याने उडू नये, असा आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा दंडक आहे. त्या परवानगीखाली सही माझी असते. म्हणून स्टॉलमधून, म्हणजे पंखांची उचल तुटल्यावर, विमान सावरणं, टेकऑफनंतर लगेच इंजिन बंद पडलं तर काय करायचं, हे सगळं त्याने माझ्या शेजारी बसून आधीच केलेलं असतं.

पण शेवटी मी बघते ती त्याची मान. सोलोच्या आधीच्या फेऱ्यांत मी हात मांडीवर ठेवून मुद्दाम तोंड बंद ठेवते. विमान जरा उंच आलंय, वेगही जास्त आहे, लँडिंग बिघडणार असं दिसतंय. अशा वेळी मान माझ्याकडे वळली, की त्या दिवशी सोलो नाही. मला न विचारता त्याने थ्रॉटल, म्हणजे इंजिनाच्या पॉवरचा दांडा, पुढे ढकलून गो अराउंड केलं, तर रेशमासारख्या दहा लँडिंगपेक्षा मला ते जास्त आवडतं.

मग एखाद्या सकाळी, वारा शांत आणि शक्यतो धावपट्टीच्या रेषेत असताना, मी विमान बाजूला थांबवायला सांगते आणि उतरते. उतरताना माझ्या खुर्चीचा पट्टा घट्ट बांधते. मोकळा राहिला तर कंट्रोलमध्ये अडकू शकतो. दार नीट लागलंय का, ते स्वतः ओढून बघते. पहिलं सोलो आहे हे टॉवरला कळवलेलं असतं, म्हणजे ते आजूबाजूला जरा मोकळी जागा ठेवतात. आणि एक गोष्ट बजावून सांगते : विमान आता वेगळं वागेल. सेसना १५२ या दोन आसनी विमानाचं कमाल वजनच ७५७ किलो. त्यातून माझ्यासारखं धिप्पाड माणूस उतरलं, की जवळपास दहावा हिस्सा गेला. विमान भराभर चढतं, सर्किटची, म्हणजे विमानतळाभोवतीच्या ठरलेल्या फेरीची, उंची नेहमीच्या जागेआधीच येते, आणि उतरताना ते धावपट्टीवर तरंगत राहतं, टेकायला तयारच होत नाही. हे माहीत नसेल तर विद्यार्थी घाबरून नाक खाली दाबतो आणि विमान उसळ्या मारायला लागतं.

एक विनंती : मुलीला तारीख विचारू नका. मी विद्यार्थ्यालाही आधी सांगत नाही. घरचे कॅमेरे घेऊन कुंपणाशी उभे असले, की वारा वाढल्यावर ‘आज नको’ म्हणणं तिला जड जातं.

आणि पालकांना ज्याची धास्ती वाटते ते पहिलं सोलो मला तितकं अवघड वाटत नाही. सगळं डोळ्यांसमोर घडतं. माझी खरी कसोटी पुढे, सोलो क्रॉसकंट्रीच्या, म्हणजे एकट्याने दुसऱ्या विमानतळांवर जाऊन येण्याच्या वेळी. खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी आंतरराष्ट्रीय नियमानुसार असं एक उड्डाण किमान २७० किलोमीटरचं लागतं, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून. तिथे विद्यार्थी नजरेआड असतो. मी त्याचा नकाशा, इंधनाचा हिशेब, हवामान स्वतः तपासते आणि विचारते, ‘ढग खाली आले तर कुठून परत फिरशील?’ उत्तरात ठिकाणाचं नाव हवं. ‘बघू तेव्हा’ म्हणणाऱ्याला मी पाठवत नाही. परतायची वेळ ठरलेली असते. ती टळली की फोनाफोनी सुरू.

प्रश्न : माझ्या बॅचमधले सगळे सोलोला सुटले, मी अजून ड्युअलच, म्हणजे इन्स्ट्रक्टर शेजारी. इन्स्ट्रक्टर फक्त ‘अजून थोडं’ म्हणतात. – एक प्रशिक्षणार्थी

उत्तर : बॅचच्या तासांशी तुलना सोडा. पण ‘अजून थोडं’ हे उत्तर नव्हे, तेव्हा नेमकं काय कमी पडतंय ते लॉगबुकात किंवा प्रशिक्षणाच्या नोंदीत लिहून मागा. तरी उलगडा झाला नाही तर दुसऱ्या इन्स्ट्रक्टरबरोबर एक चेक फ्लाइट मागा. त्यात कमीपणा नाही, इन्स्ट्रक्टरचाही नाही.

प्रश्न : सोलोत असताना रेडिओच बंद पडला तर? – तोच प्रशिक्षणार्थी

उत्तर : आधी आवाजाचं बटण आणि हेडफोनची पिन बघा, बऱ्याचदा तिथेच घोळ असतो. मग सर्किटमध्येच राहून टॉवरकडे नजर ठेवा, तिथून दिव्याने इशारा देतात. स्थिर हिरवा दिवा म्हणजे उतरायला परवानगी. स्थिर लाल म्हणजे दुसऱ्या विमानाला वाट द्या, घिरट्या घालत राहा. लुकलुकणारा लाल दिसला तर विमानतळ असुरक्षित, उतरू नका. हे दिवे पाठ नसतील तर तुमचे इन्स्ट्रक्टर ‘अजून थोडं’ म्हणतात ते बरोबरच आहे.