'डेव्हियन्सी'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न : समाजशास्त्रावरचा एक लेख मी मराठीत आणते आहे. त्यात 'डेव्हियन्सी' वारंवार येतं. त्यासाठी 'विकृती' चालेल का?

उत्तर : कृपया नको. मूळ लॅटिन शब्दात 'दे' म्हणजे पासून दूर आणि 'विया' म्हणजे वाट. वाट सोडणं, इतकाच त्याचा अर्थ. 'विकृती' म्हटलं की निकाल आधीच लागतो, कारण मराठीत तिची जोडी 'प्रकृती'शी आहे. अभ्यासकाला सांगायचं असतं ते एवढंच, की अमुक गटाने मानलेला अमुक नियम इथे मोडला गेला. त्यासाठी 'विचलन' हा शब्द रुळलेला आहे.

तो गुन्ह्याचा प्रतिशब्दही नाही. रांग मोडणाऱ्यावर सगळे डोळे वटारतात, पण तो सहसा गुन्हा नसतो. आणि नियम बदलला की विचलनही बदलतं : अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये समलैंगिकता मनोविकारांच्या यादीतून वगळली. त्याआधीच, १९६३ मध्ये, अमेरिकी समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर यांनी विचलन हे लोकांनी लावलेलं लेबल असतं, अशी मांडणी केली होती. 'विकृती' लिहिलंत तर ही सगळी चर्चाच वाचकापर्यंत पोचणार नाही.

चूक होते ती विशेषणात. 'बातमी ऐकून ती विचलित झाली' म्हणजे अस्वस्थ झाली. त्यामुळे 'विचलित व्यक्ती' वाचणाऱ्याला मन ढळलेलं माणूस दिसतं. तिथे 'रूढ नियम न पाळणारी व्यक्ती' असं सरळ लिहा. थोडं लांबतं, पण चुकत नाही. माणसाला 'डेव्हियंट' म्हणणं इंग्रजीतही अपमानास्पद वाटतं, म्हणून शक्यतो वर्तनाबद्दल लिहा.

प्रत्येक वाक्याला 'कशापासून?' असं विचारून पाहा. 'परीक्षेच्या नियमांपासून', 'गटाच्या पोशाखापासून' असं उत्तर मिळालं तर 'विचलन' बसतं. उत्तरच नसेल, तर बहुधा मूळ लेखक निंदा करतो आहे. तिथे मात्र निंदेचाच शब्द हवा, सौम्य करू नका.

प्रश्न : मग सांख्यिकीतलं 'प्रमाण विचलन'?

उत्तर : इंग्रजीत तिथे 'डेव्हिएशन' आहे, म्हणजे एखादा आकडा सरासरीपासून किती दूर आहे ते. २, ४, ६ यांची सरासरी ४; विचलनं -२, ०, +२. त्यांची बेरीज शून्य होते म्हणून वर्ग घ्यायचे, त्यांची सरासरी काढायची आणि वर्गमूळ घ्यायचं : सुमारे १.६३. एकाच लेखात दोन्ही आले, तर समाजशास्त्रातल्या अर्थासाठी 'सामाजिक विचलन' असं पूर्ण लिहा.