टीएलडी सोडू नकोस, हाडांकडे पण बघ

अगं, एचआयव्हीच्या टीएलडी गोळीने (टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन, डोलुटेग्राव्हिर ही तीन औषधं एकत्र) हाडं ठिसूळ होतील म्हणून ती सोडायचं म्हणतेस, पण घाबरू नकोस, टेनोफोव्हिरमुळे पहिल्या एक-दोन वर्षांत हाडांची घनता थोडी कमी होते हे खरंय पण पुढे बहुतेकांची स्थिर होते, आणि गोळी सोडलीस तर व्हायरस वाढून जास्त नुकसान. मला सुरुवातीला कोणी सांगितलं नव्हतं म्हणून सांगते, कॅल्शियमची गोळी रिकाम्या पोटी टीएलडीसोबत नाही घ्यायची, डोलुटेग्राव्हिर अंगात नीट शोषलं जात नाही. जेवणाबरोबर दोन्ही एकत्र चालतात, नाहीतर टीएलडी आधी आणि कॅल्शियम २ तासांनी. लोहाच्या गोळीचंही तेच. बाकी नाचणी, दूध, उन्हात चालणं, आणि मिश्री लावत असशील तर प्लीज सोड. पाळी गेली असेल तर एआरटी सेंटरच्या (एचआयव्हीची औषधं मिळतात ते केंद्र) डॉक्टरांना डेक्सा स्कॅनचं, म्हणजे हाडांची घनता मोजायच्या तपासणीचं विचार, लाजू नको.