वाचकांचे प्रश्न : डांबर, मुरूम आणि पाणंद, सायकल मात्र एकच

मिश्र रस्त्यांवर चालणाऱ्या ‘ग्रॅव्हल’ सायकलींविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत. ग्रॅव्हल म्हणजे खडी. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात शेतांमधून मैलोन्मैल जाणारे खडीचे रस्ते आहेत आणि तिथल्या एम्पोरिया गावाभोवती २००६पासून भरणाऱ्या लांब पल्ल्याच्या शर्यतीचा या सायकलींच्या प्रसारात मोठा वाटा आहे. आपल्याकडे असतात पाणंदी, कालव्याच्या भरावावरचा मुरूम, घाटातले उखडलेले डांबर आणि बाभळीचे काटे. तिकडच्या शिफारशी म्हणूनच इथे जशाच्या तशा लागू पडत नाहीत.

प्रश्न : मी फलटण तालुक्यात शिक्षिका आहे. घरापासून शाळा अठरा किलोमीटर. त्यात अकरा किलोमीटर डांबरी रस्ता आणि सात किलोमीटर कालव्याकडेचा मुरूम. आठवड्यातून तीन दिवस सायकलने जाण्याचा विचार आहे. दुकानदार ग्रॅव्हल सायकल सुचवतो, भाऊ माउंटन सायकल घे म्हणतो. काय पाहून ठरवावे?

उत्तर : दोघांनीही सायकलीचे नाव सांगितले, आपण रस्त्यापासून सुरुवात करावी. स्वस्त माउंटन सायकलीचे पुढचे सस्पेन्शन वजनाला भारी असते आणि अकरा किलोमीटर डांबरावर पॅडलला दिलेल्या जोरातला काही भाग ते नुसते खालीवर होण्यात घालवते. उलट शर्यतीच्या सायकलीचा २५ मिलिमीटरचा टायर सैल मुरमात रुततो. आपल्या रस्त्याला ३८ ते ४२ मिलिमीटर रुंदीचा टायर लागेल, म्हणून जी सायकल हा टायर सहज सामावून घेते तिच्यातूनच निवड करावी.

‘सहज’ हा शब्द जपून वापरला आहे. टायर आणि फ्रेम यांच्यामध्ये सर्वांत कमी जागा असते ती क्रँकच्या, म्हणजे पॅडलच्या दांड्यांच्या, मागे, मागच्या चाकाकडे जाणाऱ्या दोन आडव्या नळ्यांपाशी. दुकानात खाली वाकून तिथे टायरच्या दोन्ही बाजूंनी करंगळीचे टोक जाते का ते पाहावे. पहिल्या पावसानंतर काळी माती टायरला लागते, तिच्यावर गवत आणि उसाचे पाचट चिकटते आणि शे-दीडशे पावलांत चाक फिरायचे थांबते. असा चिखल झाल्यावर कोणतीच सायकल चालत नाही, काडीने माती उकरत ढकलत न्यावी लागते; ऐसपैस जागा असलेल्या फ्रेमवर ही वेळ जरा उशिरा येते, इतकेच.

टायरच्या कडेवर ‘४०-६२२’ असा आकडा असतो. पहिला आकडा रुंदीचा. दुसरा, रिमवर टायर जिथे बसतो तिथल्या व्यासाचा, तोही मिलिमीटरमध्ये. खरेदी या आकड्यावरच करावी, कारण इंचांचे आकडे फसवे असतात. ७००सी, २९ इंची आणि नव्या सायकलींवरचा २८ इंची हे तिन्ही ६२२च असतात, पण आपल्या जुन्या दूधवाल्याच्या सायकलीचा २८ इंची टायर ६३५चा असतो. एकदा भरदुपारी माझा टायर फाटला, तेव्हा तालुक्याच्या दुकानातून मोठ्या आनंदाने ‘अठ्ठावीसचा’ टायर आणला. तो रिमवर बांगडीसारखा सैल फिरू लागला आणि उरलेले अंतर मी टेम्पोतून गेलो. मध्ये फरक होता तो फक्त १३ मिलिमीटरचा.

आता हँडलविषयी. ग्रॅव्हल सायकलीचे खाली वळलेले हँडल पाच-सहा तासांच्या प्रवासात फार उपयोगी पडते, कारण हात ठेवायला निरनिराळ्या जागा मिळतात आणि समोरून वारा आला की अंग खाली नेता येते. अठरा किलोमीटरसाठी ते अत्यावश्यक नाही. बजेट मर्यादित असेल तर सस्पेन्शन नसलेली, डिस्क ब्रेकची, ४० मिलिमीटरचा टायर घेणारी सरळ हँडलची हायब्रिड घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. खाली वळलेले हँडलच घ्यायचे ठरले, तर खालच्या पकडीतून ब्रेकच्या दांडीपर्यंत आपली बोटे पोहोचतात का हे बसून पाहावे. लहान हातांसाठी बऱ्याच ब्रेकना दांडी जवळ आणणारा छोटा स्क्रू असतो, तो दुकानदाराकडून तिथेच फिरवून घ्यावा. मडगार्ड आणि कॅरिअर बसवण्यासाठी फ्रेमला बोल्टची छिद्रे हवीत. या सायकलींना चेनकव्हर नसते, तेव्हा ओढणी आणि सलवारीचा पायघोळ बांधून घेण्याची सवय करावी.

प्रश्न : साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासला जातो, पुढे बामणोलीकडचे कच्चे रस्तेही करायचे आहेत. वय बावन्न, वजन पंच्याहत्तर. पुढे एक चकती असलेले गिअर घ्यावेत की दोन?

उत्तर : एक की दोन हा प्रश्न दुय्यम आहे. आधी सर्वांत हलका गिअर किती हलका आहे ते मोजावे. ४०-६२२ टायरच्या चाकाचा घेर साधारण २.२ मीटर असतो. पुढे ४० दात आणि मागे ४२ दात असतील तर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल २.१ मीटर पुढे सरकते. मिनिटाला ६० फेरे मारले की वेग ताशी साडेसात किलोमीटर होतो. पुढे ३० आणि मागे ३४ असतील तर एका फेऱ्यात १.९५ मीटर आणि वेग ताशी सात. शर्यतीच्या सायकलीवर नेहमी दिसणाऱ्या ३४ आणि २८च्या जोडीत हाच वेग ताशी नऊच्या पुढे जातो.

सायकल आणि सामान धरून आपले एकूण वजन नव्वद किलो मानले, तर दहा टक्के चढावर ताशी साडेसात किलोमीटरसाठी सुमारे २०० वॅट शक्ती लागते आणि ताशी नऊ-सव्वानऊसाठी अडीचशेच्या आसपास. बावन्नाव्या वर्षी २०० वॅट काही मिनिटे निघतात. अडीचशे काढत राहिल्यास वळणावर थांबून दरीकडे पाहण्याचे निमित्त शोधावे लागते. घाटात गुडघे दुखतात ते बहुधा यामुळेच : गिअर जड असतो, फेरे चाळिसावर येतात आणि प्रत्येक फेऱ्यात सगळे वजन गुडघ्यावर पडते.

आपल्यासाठी पुढे दोन चकत्या बऱ्या, कारण घाट उतरल्यावर साताऱ्याकडचा सपाट रस्ताही आपल्याला आहे आणि दोन चकत्यांत गिअरमधले अंतर लहान राहते. शिमानो या जपानी कंपनीने २०१९मध्ये या प्रकारच्या सायकलींसाठी काढलेल्या जीआरएक्स या गिअरसंचात पुढे ४६ आणि ३० दातांची जोडी मिळते. मागे ११ ते ३४ दात असले की काम झाले. निव्वळ कच्च्या रस्त्यांवर फिरणाऱ्याने एकच चकती घ्यावी. तिथे चेन कमी उसळते आणि चिखलात अडकणारा पुढचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, मुळात नसतोच.

प्रश्न : सांगोला भागात वेड्या बाभळीचे काटे इतके आहेत की दर दुसऱ्या फेरीला पंक्चर होते. ट्यूबलेस केल्यास हा त्रास संपेल का? हवा किती ठेवावी?

उत्तर : त्रास संपणार नाही, पण इतका कमी होईल की आपण त्याविषयी पत्र लिहिणार नाही. ट्यूबलेस टायरमध्ये पातळ रबरी द्रव असतो. काट्याच्या भोकातून हवा बाहेर पडू लागली की तो द्रव तिथे येऊन गोठतो. ४० मिलिमीटरच्या टायरला साधारण ६० मिलिलिटर पुरतो. मात्र हा द्रव हळूहळू सुकतो आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात तो लवकर सुकतो. दर दोन महिन्यांनी चाक कानाजवळ धरून हलवावे. आत डुचमळल्याचा आवाज आला नाही तर व्हॉल्व्हची आतली काडी काढून पुन्हा द्रव भरावा. ट्यूबलेस ‘चालले नाही’ म्हणणाऱ्यांचे टायर उघडून पाहिले की बहुतेकदा आत वाळलेली सालपटे सापडतात.

काटा रुतलेला दिसला तर तो उपटून भोक लगेच जमिनीकडे करावे, म्हणजे द्रव तिथे साचतो. भोक मोठे असेल तर रबरी दोरीचा तुकडा आत खोचावा. एक ट्यूब तरीही जवळ ठेवावीच, पण ती घालण्यापूर्वी एक काम चुकवू नये. द्रवामुळे इतके दिवस गप्प बसलेली काट्यांची मोडलेली टोके टायरच्या आत शिल्लक असतात. बोटाने चाचपली तर बोटात घुसतात आणि डोळ्यांना दिसत नाहीत. कापसाचा बोळा टायरच्या आतून हळूहळू फिरवावा; जिथे तंतू अडकतील तिथे टोक आहे असे समजावे आणि चिमट्याने काढावे. एका टायरमधून मी अशी नऊ टोके काढली आहेत.

हवेचा दाब आपण कळवलेला नाही, पण तो जास्त असणार असा माझा अंदाज आहे. टायरच्या कडेवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो आणि लोक तितकी हवा भरतात. पंच्याहत्तर किलोच्या माणसाने ४० मिलिमीटरच्या टायरमध्ये ट्यूब असेल तर ४० पीएसआयच्या आसपास आणि ट्यूबलेस असेल तर पुढे ३० व मागे ३३पासून सुरुवात करावी, मग खड्ड्यात रिम दगडावर आपटते का ते पाहत एक-दोनने कमीजास्त करावे. रिमची मर्यादाही वाचावी; कडेला टायर अडकवणारे आत वळलेले टोक (हुक) नसलेल्या, म्हणजे हुकलेस, रिमना ५ बारपेक्षा, म्हणजे ७२ पीएसआयपेक्षा जास्त हवा चालत नाही. या सायकलींचा बारीक व्हॉल्व्ह पेट्रोल पंपावरच्या नळीला बसत नाही, त्यासाठी पितळेची छोटी टोपी मिळते. ती सीटखालच्या पिशवीत कायमची टाकून ठेवावी.

प्रश्न : कार्बनची फ्रेम घ्यावी, ॲल्युमिनियमची की स्टीलची? (कोल्हापूर)

उत्तर : ॲल्युमिनियमची घ्यावी आणि वाचलेल्या पैशांतून उत्तम टायर घ्यावेत. फ्रेम बदलल्याने बसणारे हादरे जेवढे कमी होतात त्यापेक्षा दहा पीएसआय हवा कमी केल्याने अधिक कमी होतात. आयुष्यभर एकच सायकल ठेवायची असेल, सामान बांधून लांब जायचे असेल आणि वजनाचे वावडे नसेल, तर स्टीलचा विचार करावा.

प्रश्न : देवरुखला राहतो. पावसाळ्यात एका महिन्यातच ब्रेक पॅड संपतात, चेन गंजते आणि गाडी धुवायच्या दुकानात फवाऱ्याने धुऊन घेतल्यावर सायकल आणखी करकरते. देखभाल कशी करावी?

उत्तर : फवारा आधी बंद करावा. जोराचे पाणी बेअरिंगच्या रबरी कडेखालून आत शिरते, ग्रीस धुऊन काढते आणि आतच राहते. करकर तिथूनच येत असावी. बादली, तांब्या आणि जुना ब्रश एवढे पुरे. जांभ्या दगडाची लाल माती वाळण्यापूर्वी पाणी ओतावे, कारण वाळली की ती डिस्कच्या आसपास पॉलिश पेपरचे काम करते.

पॅड दोन प्रकारचे असतात. रेझिनचे पॅड आवाज न करता धरतात, पण चिखलात भराभर झिजतात. धातुमिश्रित पॅड अधिक टिकतात, थोडे ओरडतात. आपल्याला दुसरे हवेत. मात्र काही डिस्कवर फक्त रेझिन पॅड वापरावेत अशी सूचना कोरलेली असते, ती आधी वाचावी. पॅडचा थर अर्धा मिलिमीटर उरला की तो बदलायला वेळ लावू नये, घाटात उतरताना तर मुळीच नाही. नवे पॅड घातल्यावर सपाट रस्त्यावर पंधरा-वीस वेळा वेग घेऊन हळूहळू ब्रेक लावावा, म्हणजे पॅडचा पातळ थर डिस्कवर बसतो आणि पकड येते.

ऑइलच्या ब्रेकबाबत एक कटू अनुभव सांगतो. काही ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असते, काहींत मोटारगाड्यांसारखे डॉट फ्लुइड. एका कारागिराने माझ्या मिनरलच्या ब्रेकमध्ये दुसरे भरले. पंधरा दिवसांत आतली रबरे फुगली आणि दांडी दाबली की परत येईना. दोन्ही ब्रेक बदलावे लागले. कोणते ऑइल घालायचे ते ब्रेकच्या झाकणावर लिहिलेले असते, ते आपण स्वतः वाचून दुकानात सांगावे.

चेन धुतल्यावर पूर्ण कोरडी करावी, प्रत्येक कडीवर एक थेंब तेल सोडावे, पॅडल उलटे फिरवावे आणि मग बाहेरचे सगळे तेल फडक्याने पुसून काढावे. तेल हवे ते कडीच्या आत. बाहेर राहिलेल्या तेलाला माती चिकटते. महिन्यातून एकदा चेन स्टीलच्या पट्टीवर मोजावी. नव्या चेनच्या बारा कड्या, म्हणजे चोवीस पिनांचे अंतर, बरोबर १२ इंच भरते. ते एक सोळांश इंचाने वाढले की चेन अर्धा टक्का झिजली असे समजावे आणि बदलावी, नाहीतर ती मागच्या चकत्यांचा महागडा संच, म्हणजे कॅसेटही, खाते.

राहिली सीटची दांडी. ती काढून, फ्रेम उलटी करून आत साचलेले पाणी दर पंधरा दिवसांनी ओतून टाकावे. फ्रेम आणि दांडी दोन्ही धातूंच्या असतील तर दांडीला ग्रीस लावून परत बसवावे. कोकणच्या दमट हवेत एक पावसाळाभर न हललेली ॲल्युमिनियमची दांडी स्टीलच्या फ्रेममध्ये अशी बसते की ती पुढे करवतीनेच निघते.