नंबर लागला नाही, मग खोलीभाड्याचं काय?

प्रश्न: परभणीहून पुण्याला अभियांत्रिकीसाठी आलोय. बौद्ध आहे. समाजकल्याणच्या वसतिगृहात नंबर लागला नाही, म्हणून कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेपुरतं भाडं देऊन राहतो. मालक भाडेकरार करून देत नाहीत. काही मदत मिळेल का?

उत्तर: अनुसूचित जाती आणि नवबौद्धांमधल्या ज्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, त्यांच्यासाठीच डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुणे, मुंबई, नागपूरसारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये मिळतात: भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं आणि तुम्ही त्या शहराचे रहिवासी नसावेत. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी अशीच स्वयंम् योजना आहे.

भाडेकरार मात्र सोडू नका. तुम्ही इथे राहता, याचा पुरावा म्हणून तो लागतो. मालकाला बहुतेक वेळा कराची भीती असते. अकरा महिन्यांचा साधा लिव्ह अँड लायसन्स करार करू या, नोंदणीचा खर्च आम्ही खोलीतले सगळे वाटून घेतो, असं सांगा. तरीही नाहीच म्हणाले, तर पुढच्या वर्षी खोली बदला.

आणखी एक गोष्ट. डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे पैसे जातात ते आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात. अर्जात कोणता खातेक्रमांक लिहिला, याला फारसा अर्थ नसतो. गावी एखाद्याने मोबाइलवर नवं खातं उघडून दिलं असेल आणि आधार त्याला चिकटलं असेल, तर रक्कम तिकडे पडते आणि तुम्ही इकडे पासबुक भरत बसता. बँकेत जाऊन आधार सीडिंग, म्हणजे आधार कोणत्या खात्याला जोडलंय, ते तपासून घ्या.

पैसे मिळतील, पण वेळेवर मिळतील असं धरून चालू नका. डिपॉझिट आणि निदान पहिल्या काही महिन्यांचं भाडं घरूनच उभं करावं लागेल. मला या योजनांचा सर्वात मोठा दोष हाच वाटतो: ज्याच्या खिशात आधी पैसे आहेत, त्यालाच नंतर मदत मिळते.

प्रश्न: यवतमाळ जिल्ह्यात चार एकर कोरडवाहू शेती. ओबीसी आहोत. मुलींची फी माफ झाली म्हणून मुलीला नागपूरला घातलं, पण हॉस्टेलचं बिल वेगळंच आलं.

उत्तर: २०२४ची माफी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची आहे. राहणं-जेवण त्यात नाही. हे कॉलेजं प्रवेशाच्या वेळी स्पष्ट सांगत नाहीत, तो गोंधळ तुमच्या एकट्याचा नाही.

तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. पहिली, ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. रक्कम स्वाधारसारखीच, पण जिल्ह्याला ६०० विद्यार्थ्यांची मर्यादा, त्यामुळे गुणांवर चुरस असते. दुसरी, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, पण तुमच्या प्रवर्गाला तो लागू आहे का, हे कॉलेजात आधी विचारा. अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर. त्यासाठी तहसीलदारांचा अल्पभूधारक दाखला लागेल. चार एकर त्यात बसतात. प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून झालेला हवा, मॅनेजमेंट कोट्यातला चालत नाही. दोन्ही लाभ एकदम मिळत नाहीत. दाखल्याला वेळ लागतो, त्याचा अर्ज आजच टाका.

प्रश्न: खुला प्रवर्ग, उत्पन्न अकरा लाख. बँक म्हणते, कर्ज फक्त फीचं.

उत्तर: बँक चुकीचं सांगते आहे. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत वसतिगृहाचा खर्च धरला जातो, बाहेर राहिल्यास वाजवी राहण्या-जेवणाचाही. कॉलेजकडून वार्षिक खर्चाचं पत्र घ्या आणि अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवर करा, म्हणजे नकार तोंडी राहत नाही.

पण घेण्याआधी हिशेब मांडा. महिना ८,००० धरले तरी दहा महिन्यांचे ८०,००० होतात, चार वर्षांचे ३.२ लाख, वर व्याज. तुमच्या उत्पन्नात भाडं पगारातून निघत असेल तर तसंच काढा, कर्ज फीपुरतं ठेवा.

प्रश्न: बीए करतोय. कुठल्याच योजनेत बसत नाही.

उत्तर: पुण्यात असाल तर विद्यार्थी सहाय्यक समितीकडे चौकशी करा. डॉ. अच्युत आपट्यांनी १९५५ साली सुरू केलेली ही संस्था ग्रामीण भागातल्या गरजू मुला-मुलींना अल्प खर्चात राहायला जागा देते. कोल्हापुरात असाल तर शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने उभ्या राहिलेल्या बोर्डिंगांत विचारा. काही आजही चालू आहेत. यांची प्रवेशप्रक्रिया निकालानंतर लगेच सुरू होते, ऑगस्टमध्ये गेलात तर पाटी ‘जागा नाही’ अशीच असते. आणि कॉलेजच्या कार्यालयात ‘कमवा व शिका’चा अर्ज मागून घ्या. ग्रंथालयात किंवा बागेत रोज दोन-तीन तास काम करून मेसचं बिल बऱ्यापैकी सुटतं.